चीक वासराला, मग बाळाला का नाही?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे-खतावर लिहावे, बाळंतिणीच्या दुधावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण परवा लागणीची नोंद घ्यायला एका सभासदांच्या वस्तीवर गेलो. गोठ्यात गाय नुकतीच व्यालेली. आजोबा वासराला चीक पाजत होते. म्हणाले, "साहेब, वेळेत पोटात गेला नाही तर वासरू हातचं जातं." अगदी खरं. आत मात्र कालच दवाखान्यातून आलेल्या नातवाला आजी मध चाटवत होत्या, आणि आईचं पिवळं, चिकट दूध 'वाईट असतं' म्हणून पिळून टाकलेलं!

मी आजोबांना विचारलं, "गाईचा चीक कधी गटारात ओतला का?" ते हसले, आणि उठून आत गेले.

दोष तरी कोणाला द्यायचा? १६ वर्षांपूर्वी आमच्या थोरलीच्या वेळी माझ्या घरीही हेच झालं. शेतकी डिप्लोमा झालेला मी गप्प बसलो होतो.

हे पिवळं दूध म्हणजे बाळाचा चीकच. पहिले दोन-तीन दिवस चमचा-चमचाच येतं, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. रोगाशी लढणारी द्रव्ये त्यात भरपूर. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. मध वर्षाच्या आत नकोच, त्यातून तान्ह्याला विषबाधा होऊ शकते.

दुसरी तक्रार, 'दूध पातळ आहे'. सुरुवातीचं पातळच दिसतं, पाजत राहिलं की मागून दाट येतं. डेअरीसारखी इथे फॅट लावायची नसते. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं. वरचं सुरू केलं की आईचं आटतं. बाळ दिवसाला सहा-सात वेळा शू करतंय, वजन वाढतंय, म्हणजे पुरतंय. तसं नसेल तर आशाताईंना दाखवावे. सहा महिने उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. आईच्या दुधात शंभरात ८७-८८ भाग पाणीच असते.

आणि फडातली गोष्ट. उन्हात कोयता चालवून आलेल्या बाईचं दूध 'तापतं, नासतं' म्हणून ती आधी पिळून टाकते. अंगातलं दूध उन्हाने नासत नाही. घाम पुसावा, तांब्याभर पाणी प्यावे आणि लगेच पाजावे. आपल्या फडात तोड चालू असताना एखादी पाजायला बसली, तर मालकाने किंवा मुकादमाने हाक मारू नये. तेवढ्या मोळ्या अर्ध्या तासाने बांधल्या तरी गाडी भरते.

— ऊस विकास अधिकारी