पाच हजार किलोमीटरचा हट्ट : इंजिन ऑइलविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत मोटारगाडीच्या इंजिन ऑइलचा विषय निघाला, की चारोटी नाक्यापासून अच्छाडच्या सीमेपर्यंत एकच आकडा ऐकू येतो : दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदललेच पाहिजे. हा आकडा इतक्या ठामपणे सांगितला जातो, की गाडी कोणती, इंधन कोणते, ती धावते कुठे आणि किती वेळ, यांपैकी एकही प्रश्न विचारण्याची गरज ना सांगणाऱ्याला वाटते, ना ऐकणाऱ्याला. वस्तुतः हा नियम काही गाड्यांच्या बाबतीत निव्वळ उधळपट्टी ठरतो, तर काही गाड्यांच्या बाबतीत, आणि त्यांची संख्या येथे कमी नाही, तो इंजिनाच्या मुळावर येतो.

हा आकडा एके काळी खोटा नव्हता. कार्बोरेटरच्या गाड्यांत थंड इंजिन सुरू करताना चोक ओढला जाई, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये उतरे आणि ऑइल पातळ होई. शिवाय इंधनातील गंधकापासून ज्वलनात आम्ले तयार होत आणि ती मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली अल्कधर्मी द्रव्ये लवकर संपत. आज कार्बोरेटरची जागा संगणक-नियंत्रित इंधन फवारणीने घेतली आहे. भारत स्टेज-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत असे, तर १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ च्या इंधनात ही मर्यादा १० भागांवर आली आहे. ऑइलही तेच राहिलेले नाही. अमेरिकेत हाच आकडा ३,००० मैल, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर, या रूपात रुजला होता आणि तो कालबाह्य झाल्याचे सांगण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या कॅलरिसायकल या कचरा-व्यवस्थापन विभागाला स्वतंत्र मोहीम चालवावी लागली. भारतात आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांसाठी उत्पादक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत देतात. काही गाड्यांना ती १५,००० किलोमीटरही आहे. ‘कंपनीला इंजिन लवकर खराब व्हायलाच हवे असते’ असा युक्तिवाद यावर हमखास पुढे येतो. पण वॉरंटीच्या काळात इंजिन बसले तर भुर्दंड कंपनीलाच पडतो, एवढा साधा हिशेब त्यात विसरला जातो.

‘जे आधी येईल ते’ हे चार शब्द मात्र सोयीस्करपणे गाळले जातात आणि खरी गोम तेथेच आहे. एप्रिल २०१३ मध्ये पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत आली. तेव्हापासून घरून स्टेशनपर्यंत गाडीने जायचे, ती तेथे लावायची आणि लोकल पकडायची, असा अनेकांचा दिनक्रम आहे. घर स्टेशनपासून तीन किलोमीटरवर असेल, तर अशी गाडी दिवसाला सहा आणि वर्षातील ३०० दिवस धरले तरी १,८०० किलोमीटर चालते. पाच हजारांच्या नियमाने तिचे ऑइल जवळजवळ तीन वर्षे बदलायला नको! उलट तलासरीहून वापीला कामासाठी रोज ये-जा करणारी गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर सहज ओलांडते आणि त्याच नियमाने तिचे चांगल्या स्थितीतले ऑइल वर्षातून तीनदा उतरवले जाते.

पहिल्या गाडीचे ऑइल कमी किलोमीटरमध्ये अधिक का बिघडते, हे समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते बहुतांशी वाफेच्या रूपाने धुराड्यावाटे निघून जाते. पण ज्वलनातील थोडे वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइलच्या टाकीत उतरतात (या गळतीला ब्लो-बाय म्हणतात) आणि त्यांच्यासोबत वाफ व न जळलेले पेट्रोलही येते. महामार्गावर अर्धा-पाऊण तास पळालेल्या गाडीत ऑइल पुरेसे तापून हे पाणी व पेट्रोल उडून जाते. तीन किलोमीटरच्या फेरीत मात्र डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध आला तरी ऑइल कोमटच असते, कारण ते इंजिनातील कूलंटपेक्षा उशिरा तापते. पाणी साठत जाते, आम्ले होतात, गाळ धरतो. अशा गाडीचे ऑइल ओतण्याचे झाकण उघडले, तर आतल्या बाजूला ताकासारखा पांढरट, चिकट थर हाताला लागतो. तो केवळ झाकणाला असेल तर बहुधा छोट्या फेऱ्यांचा परिणाम असतो. डिपस्टिकवरचे सगळे ऑइलच दुधाळ दिसले, तर कूलंट आत शिरले असण्याची शक्यता आहे आणि गाडी न चालवता गॅरेजला दाखवावी लागते.

गंमत अशी, की ज्या घरी ट्रॅक्टर आहे त्या घरी हा हिशेब आधीपासूनच ठाऊक असतो. ट्रॅक्टरचे ऑइल तासांवर बदलले जाते, कारण इंजिन किती अंतर गेले यापेक्षा किती वेळ फिरले हे महत्त्वाचे असते. ताशी सरासरी ५० च्या वेगाने ५,००० किलोमीटर म्हणजे १०० तास. बाजारपेठेत आणि फाटकाशी रखडत ताशी २० ने तेच अंतर कापले, तर २५० तास. दारातल्या मोटारीपाशी आले, की ही समज कोठे जाते, कोण जाणे.

याचे उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतच छापलेले असते. नेहमीच्या कोष्टकाशेजारी बहुतेक पुस्तिकांत ‘कठीण वापरा’चे वेगळे कोष्टक किंवा तशी टीप असते : सततच्या छोट्या फेऱ्या, धूळ, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे, जड ओझे. अशा वापरात मुदत अनेकदा निम्म्यावर येते. द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेनच्या कामांच्या आसपास रोज फिरणाऱ्या किंवा प्रवासी भरून घाटरस्ता चढणाऱ्या गाडीला हेच कोष्टक लागू पडते. तिच्या बाबतीत ५,००० हा आकडा बरोबर येतो, पण तो या कारणाने, परंपरेने नव्हे.

‘ऑइल काळे पडले, म्हणजे संपले’ हाही असाच समज. ऑइलमधील डिटर्जंट काजळी सोडवतात आणि डिस्पर्संट तिचे कण तरंगते ठेवतात, म्हणून ते काळे होते. डिझेल गाडीत तर काही शे किलोमीटरमध्येच. याच्या उलट सीएनजी गाडीत काजळी कमी असल्याने ऑइल बराच काळ सोनेरी राहते, मात्र उष्णतेने त्याचे ऑक्सिडीकरण चालूच असते. बोटाला लावून रंग पाहण्याने दोन्हींकडे फसगत होते.

जुन्या इंजिनाला घट्ट ऑइल चांगले, हे सरसकट खरे नाही : ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतले, तर सुरुवातीच्या क्षणांत ते वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते. दोन ब्रँडची ऑइले मिसळली तर ती फाटत नाहीत. ग्रेड आणि दर्जा मात्र जुळावा. ऑइलची पातळी वाढली तर आनंद मानू नये, कारण काजळीचा फिल्टर असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत छोट्या फेऱ्यांमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरत असते. वरचेवर भर घातली म्हणजे बदलण्याची गरज नाही, हे तर चूकच, कारण गाळ आणि आम्ल आतच राहतात.

राहिले उतरवलेले ऑइल. वाळवीवर उपाय म्हणून ते कुंपणाच्या खांबांना फासणे किंवा गटारात सोडणे निरुपद्रवी मानले जाते. त्यात धातूंचे कण आणि कर्करोगास कारण ठरू शकणारी संयुगे असतात. एका गाडीतून निघालेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. विहिरींवर वाढलेल्या चिकूच्या वाड्यांचा हा डहाणू तालुका केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आहे आणि २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ऑइलच्या उत्पादकांवरही आली आहे. घरी ऑइल बदलणाऱ्याने ते पाणी, पेट्रोल किंवा कूलंट न मिसळता झाकणाच्या कॅनमध्ये भरून, अधिकृत पुनर्प्रक्रियाकाकडे ऑइल पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावे.