टोयोटा २२आर इंजिन
टोयोटा २२आर हे जपानच्या टोयोटा कंपनीचे २,३६६ घन सें.मी. क्षमतेचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे. सिलिंडरचा व्यास ९२ मि.मी. व दट्ट्याची धाव ८९ मि.मी. आहे. १९८० च्या दशकात ते हायलक्स, सेलिका इत्यादी गाड्यांत वापरले गेले. बिडाच्या ब्लॉकमुळे ते दणकट मानले जाते; टायमिंग चेन हा मात्र त्याचा कच्चा दुवा होय. सुरुवातीच्या दुपदरी साखळीऐवजी पुढे एकपदरी साखळी व प्लॅस्टिकच्या मार्गदर्शक पट्ट्या आल्या. पट्टी तुटल्यास सैल साखळी पुढचे झाकण घासून भोक पाडते आणि शीतक तेलात मिसळून बेअरिंग निकामी होतात. थंड इंजिन सुरू करताना पुढून येणारा खडखडाट ही त्याची पूर्वसूचना असते. दुरुस्तीत बहुधा पोलादी पाठीच्या पट्ट्या बसवतात. झडपांतील फटही (अंतर्ग्रहण ०.२० मि.मी., निष्कास ०.३० मि.मी.) इंजिन गरम असताना वेळोवेळी जुळवावी लागते.