गल्ल्यातून की वसुलीतून?

मुरबाड एमआयडीसीतल्या कारकुनाने मालकाच्या कपाटातली रोकड उचलली, तर ती नोकराने केलेली चोरी: भारतीय न्याय संहितेचे कलम ३०६. शहापूरच्या बाजारात फिरून उधारी वसूल केली आणि पेढीवर भरलीच नाही, तर तो फौजदारी विश्वासघात: कलम ३१६(४). शिक्षा दोन्हींना सारखीच, कमाल ७ वर्षे कैद आणि दंड. पहिल्या साध्या चोरीला मात्र ३ वर्षेच.

बँकवाला किंवा सरकारी नोकर असेल तर ३१६(५): १० वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप.

गंमत पुढेच आहे. तालुक्याच्या कोर्टातले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ३ वर्षांहून जास्त कैद सुनावूच शकत नाहीत. जास्त हवी असे वाटले, तर मत नोंदवून प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. त्यांची मर्यादा ७ वर्षे.

पाच हजारांखालची पहिली चोरी आणि पैसे परत, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. ही सवलत साध्या चोरीला आहे, नोकराला नाही.

भागीदाराचे प्रकरण आणखी निराळे. वेलजी राघवजी पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भागीदाराची विश्वासघाताची शिक्षा रद्द केली होती.

१ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुन्या दंडविधानाची ३८१ आणि ४०८ हीच कलमे लागतात.