माळ्यावरचे दिवे

जुने वाडे पाडून सिमेंटची घरे बांधण्याचा क्रम हट्ट्यासारख्या गावी सुरू झाला, की सर्वांत आधी रिकामा होतो तो माळा. तेथून काय काय निघते! काजळीने काळवंडलेले कंदील, बुडास भोक पडलेले घंगाळ, चेपलेली चरवी, जाळी सुटलेली चाळण, लाकडी अडशेरी. (१९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि अडशेरीस माळ्याची वाट दाखविण्यात आली.) मग मोडवाला दारी येतो. तो पितळ तोलतो, कारागिरी नव्हे. मागल्या पिढीत मोडीच्या बदल्यात स्टीलची भांडी येत, आता रोख पैसे येतात. वस्तू मात्र दोन्ही वेळां भट्टीतच जाते.

त्यापेक्षा त्यांचे विजेचे दिवे करून घ्यावेत, असे आम्हांस वाटते. आमचा विशेष लोभ कंदिलावर आहे. कऱ्हाडाजवळील ओगलेवाडीस ओगले ग्लास वर्क्सने केलेला 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रातील घरोघरी स्वदेशीचा अभिमान म्हणून टांगला जाई. तसा एखादा हाती लागल्यास त्याच्या टाकीस भोक पाडू नये. रॉकेलचा अंश धुऊन, टाकी उन्हात पुरती वाळवून, काचेच्या आत बॅटरीवर चालणारा लहान एलईडी दिवा बसवावा. हा दिवा फारसा तापत नाही, त्यामुळे जुन्या काचेस धोका नाही. शिवाय वीज गेली, की हाच कंदील पुन्हा आपल्या मूळच्या कामी येतो! आमच्या भागात तो प्रसंग विरळा नव्हे.

घंगाळ उपडे टांगले, तर ओसरीवर उत्तम झुंबर होते. तांब्याच्या आतल्या अंगावरची कल्हई उजेड परावर्तित करते. ती घासून काढण्याचा मोह टाळावा. बुडाचे जुने भोकच तारेस वाट देते. मात्र त्याची कड धारदार असल्याने तेथे रबरी कडे घालावे, नाही तर तारेचे आवरण कापले जाऊन सारे भांडे विजेने भारले जाईल. धातूच्या प्रत्येक दिव्यास अर्थिंगची तिसरी तार हवीच. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवावे. भांड्याचा भार तारेवर न टाकता साखळीने तुळईस द्यावा. २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यास भूकंपाचे धक्के बसले, हे आठवून पाळण्यावर वा अंथरुणावर असे जड दिवे मुळीच टांगू नयेत.

समईचा प्रश्न मात्र वेगळा. घरोघरी यावरून दोन तट पडतात. सून म्हणते, माळ्यावर पडून राहण्यापेक्षा दिवाणखान्यात उजेड देईल तर काय वाईट? सासूबाई म्हणतात, जिच्यात देवापुढे तेल घातले तिला बटण कसे लावावयाचे? आम्ही येथे सासूबाईंच्या बाजूस आहोत. धड असलेली समई तेलावातीचीच राहू द्यावी. वरचे ताट हरवून नुसता खांब उरला असेल, तर त्यावर कापडी छत्री ठेवण्यास हरकत नाही. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, हेही ध्यानात असू द्यावे. नक्षीदार, जुना लामणदिवा निघाल्यास भोके पाडण्यापूर्वी कोणा जाणकारास दाखवावा. कवी 'अज्ञातवासी', म्हणजे दिनकर केळकर, यांनी गावोगाव हिंडून असेच टाकाऊ ठरलेले दिवे जमविले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ते पाहून आलेल्या गृहिणीचा हात मोड देताना थोडा तरी अडखळेल.

उरली अडशेरी. तिचे दोन्ही काठ लोखंडी पट्टीने बांधलेले असतात. बूड निघालेले असल्यास ती भिंतीवर आडवी बसवून आत पिवळसर प्रकाशाचा पाच वॅटचा दिवा लावावा. लाकडास वॉर्निश लावू नये, जवसाचे तेल पुरे.