डब्याची पिवळी झाक आणि ठशाचा जांभळा डाग

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी नऊ फोटो आणि एक प्रश्न पाठवला आहे. त्या घरी लहान मुलांचे हस्तकलेचे वर्ग घेतात. त्यांच्या लेकीनं अमेरिकेहून येताना तिथल्या एका गराज सेलमधून रबरी ठशांचं अख्खं खोकं उचलून आणलं. लाकडी ठोकळ्यांवर चिकटवलेले ठसे: चहाची किटली, भोपळा, मॅपलचं पान, वाढदिवसाच्या शुभेच्छा. नक्षी सुबक, पण आधीच्या मालकिणीनं वापरून झाल्यावर शाई पुसायची तसदी कधी घेतलेली दिसत नाही. साबण झाला, भांड्यांचा लिक्विड झाला, जुना टूथब्रश झाला. जांभळे डाग हटेनात. मग घराच्या रंगकामातून उरलेल्या टर्पेंटाइनमध्ये त्यांनी मॅपलचं पान रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी पान सुजल्यासारखं जाडजूड, कडा लाकडापासून सुटून वर वळलेल्या. आणि डाग? होता तिथेच. ‘आता काय करू?’

टर्पेंटाइनकडे येतोच, पण आधी स्वयंपाकघरात डोकावू. तुमच्याकडे प्लॅस्टिकचा एखादा डबा असेल ज्यात कधीकाळी तेलकट रस्सा भरून दिला होता. तेव्हापासून त्याला जी पिवळी झाक आली ती आजतागायत गेलेली नाही. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात विरघळायला नाखूश, तेलात मात्र मजेत विरघळतो. तेलाबरोबर तो प्लॅस्टिकच्या आत शिरतो आणि तिथेच बिऱ्हाड करतो. अशा डब्यात दुसऱ्या दिवशी दहीभात दिला तर तो पिवळा होत नाही. डबा डागाळलेला असतो, घाण नसतो. या दोन गोष्टींतला फरक बायकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, म्हणून तर असे डबे कुणी फेकत नाही.

ठशांचंही असंच आहे. ओल्या फडक्यानं ठसा पुसा, कोरडा करा आणि पांढऱ्या कागदावर दाबा. कागद कोरा राहिला तर डाग रबराच्या आत आहे. तो पुढच्या छापात उतरणार नाही, लाल शाईला जांभळी छटा देणार नाही. त्या ठशाला काही करायची गरज नाही. फोटोंवरून माझा अंदाज असा की खोक्यातले निम्म्याहून अधिक ठसे या परीक्षेत पास होतील.

आत म्हणजे किती आत? माझ्याकडे वडिलांच्या दवाखान्याचा एक रबरी शिक्का आहे, चाळीसेक वर्षं जांभळ्या पॅडवर आपटलेला. या पत्रानंतर मी धीर करून ब्लेडनं त्याच्या कडेचा पातळ काप घेतला आणि भिंगाखाली धरला. वरचा पापुद्रा जवळजवळ काळा, त्याखाली जांभळा, मग फिकट होत होत मूळचा विटकरी. सीमारेषा अशी कुठे नाहीच. पाण्यात शाईचा थेंब टाकल्यावर रंग पसरतो तोच प्रकार, फक्त काही सेकंदांऐवजी काही दशकांत. रबर दगडासारखं ठाम दिसत असलं तरी त्याच्या लांबलचक साखळ्या सतत वळवळत असतात. त्यांच्यातून शाईचा वाहक आणि त्याच्या पाठोपाठ रंगाचे रेणू आत सरकतात. रबरात भरणीला चिनी माती घातलेली असली तर ती शाईच्या या धनभारित जांभळ्या रंगाला घट्ट धरून ठेवते.

अ‍ॅडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं 1855 मध्ये या सरकण्याचं गणित मांडलं. त्यातून निघणारा हिशोब मोठा निर्दय आहे: दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. बाहेर येतानाही तोच नियम. ज्या रंगानं आत जायला वर्षं घेतली, तो पाच मिनिटांच्या घासण्यानं बाहेर येईल ही अपेक्षाच चुकीची. ‘एका फवाऱ्यात जुने डाग गायब’ म्हणणाऱ्या महागड्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही तो यामुळेच. त्या पृष्ठभाग साफ करतात, आणि ते काम साबणही करतो.

गंमत म्हणजे ठशाच्या या पदार्थाचं इंग्रजी नावच मुळी डाग घालवण्यावरून पडलं. 1770 मध्ये जोसेफ प्रीस्टलीनं, ज्याला आपण ऑक्सिजनसाठी ओळखतो, लिहून ठेवलं की शिसपेन्सिलीच्या खुणा पुसायला हा एक झकास पदार्थ मिळतो. त्याआधी लोक पावाचा चुरा वापरत. घासून पुसतो म्हणून ‘रबर’. आपण तर ‘खोडरबर’ म्हणून त्याच्या कामावर शिक्कामोर्तबच करून टाकलं. दुसऱ्याच्या खुणा पुसणारा हा गडी स्वतःवरची मात्र सोडत नाही.

आता टर्पेंटाइन. रबर त्यात फुगतं आणि पाण्यात फुगत नाही, हे ‘समानशीले’ न्यायानं सांगता येतं: तेलकटाला तेलकट भेटलं की मैत्री. पण किती मैत्री? या प्रश्नाला आकड्यात बांधलं जोएल हिल्डेब्रँडनं, 1936 च्या सुमारास. हा माझा आवडता माणूस, आणि रसायनशास्त्राच्या पदवीधरांनाही त्याचं नाव आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. बर्कलेला प्राध्यापक. त्याच 1936 साली अमेरिकेच्या ऑलिम्पिक स्की संघाचा व्यवस्थापक. खोल पाण्यात जाणाऱ्या पाणबुड्यांना नायट्रोजनऐवजी हेलियम मिसळलेली हवा द्यावी, कारण हेलियम रक्तात कमी विरघळतो, हे सुचवणाऱ्यांतला एक. शंभरी ओलांडून 1983 मध्ये गेला. आयुष्यभर तो एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: काय कशात विरघळतं आणि का?

त्याची कल्पना अशी: प्रत्येक पदार्थाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून असतात यावरून त्याला एक आकडा द्यायचा. ज्यांचे आकडे जवळ त्यांचं जमतं. एककांची भानगड सोडून देऊ. नैसर्गिक रबराचा आकडा 16 ते 17 च्या आसपास. टर्पेंटाइनचा जवळजवळ तोच. टोल्युइनचा 18 च्या वर. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलचे 23 ते 26. पाणी थेट 48 च्या घरात. म्हणजे आमच्या वाचक भगिनींनी घरातल्या सगळ्या द्रवांमधून रबराशी पत्रिका सर्वाधिक जुळणारा नेमका निवडून काढला! आणि जांभळ्या शाईचा रंग हा क्षार, टर्पेंटाइनसारख्या द्रवात विरघळणं त्याच्या स्वभावातच नाही. म्हणून रबर फुगलं आणि डाग बसल्या जागी बसून राहिला.

मग पत्रिका इतकी जुळूनही पान विरघळून कसं गेलं नाही? कारण त्याच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल आहेत. कच्च्या रबराच्या साखळ्या मोकळ्या, ते टर्पेंटाइनमध्ये हळूहळू विरघळून चिकट काढा होतं. गंधकानं बांधलेलं रबर जाळं ताणेल तितकंच फुगतं आणि थांबतं. या व्हल्कनायझेशनचं श्रेय चार्ल्स गुडइअरला, तप्त शेगडीवर पडलेल्या रबराच्या गोष्टीसकट. पण गंधकाची युक्ती त्याला दिली नॅथॅनिएल हेवर्डनं. रबरात गंधक मिसळून उन्हात ठेवलं की चिकटपणा जातो हे हेवर्डला कळलं होतं. गुडइअरनं त्याचा हक्क विकत घेतला, 1839 मध्ये उष्णतेची जोड सापडली, 1844 मध्ये पेटंट मिळालं. पाठ्यपुस्तकात हेवर्ड सापडत नाही. तरी फार हळहळू नका. हेवर्डनं पुढे रबरी बुटांच्या धंद्यात बस्तान बसवलं आणि गुडइअर 1860 मध्ये डोक्यावर कर्जाचा डोंगर ठेवून गेला. टायरवर दिसतं ते नाव 1898 मध्ये दुसऱ्यांनीच त्याच्या आठवणीत कंपनीला दिलं.

आणि या दोघांच्या तीन हजार वर्षं आधी मेक्सिकोतले लोक रबराच्या झाडाच्या चिकात रात्री फुलणाऱ्या एका पांढऱ्या फुलांच्या वेलीचा रस मिसळून उसळणारे चेंडू करत होते. ही वेल आपल्या गणेशवेलीच्या गोतातली. त्यांचं पेटंट कुणी घेतलं नव्हतं, एवढंच.

आपल्याला हवा तो द्रव कसा असावा हे आता स्पष्ट आहे: रंगाशी जमणारा, रबराशी न जमणारा. अल्कोहोल. जांभळा रंग त्यात सढळ विरघळतो आणि आकड्यांच्या फरकामुळे रबर जवळजवळ ढिम्म राहतं. कोविडच्या काळातली अर्धी बाटली अजून कपाटात असेल, तिला हे काम द्या.

इथे मला राहवत नाही. अल्कोहोलनं जांभळा रंग धुवायचा हाच उद्योग 1884 मध्ये बर्लिनला हान्स क्रिस्टियान ग्राम नावाचा एक डॅनिश डॉक्टर करत होता. न्यूमोनियानं मेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे काप त्याच्यासमोर होते. त्यातले जंतू आणि फुप्फुसाच्या पेशी वेगळ्या दिसाव्यात एवढीच त्याची धडपड. त्यानं कापांवर जेन्शियन व्हायोलेट टाकलं, म्हणजे शिक्क्याच्या शाईच्याच घराण्यातला रंग. तोंड आलं की लहानपणी लावायचे ते जांभळं औषधही हेच. मग आयोडीन, मग अल्कोहोलची धुलाई. फुप्फुसाच्या पेशींनी रंग सोडला. काही जंतूंनी सोडला नाही. आणि काही जंतूंनी सोडला! ग्रामला ही आपल्या पद्धतीची उणीव वाटली. पद्धत सदोष आहे, पण इतरांच्या उपयोगी पडो, अशा अर्थाचं त्यानं प्रामाणिकपणे लिहूनही टाकलं. ती उणीवच खरा शोध होता. जाड भिंतीचे जंतू डाग धरून ठेवतात, पातळ भिंतीचे सोडून देतात, आणि ग्राम-पॉझिटिव्ह, ग्राम-निगेटिव्ह ही वाटणी आजही पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर छापून येते. डॉक्टर कोणतं प्रतिजैविक देणार हे पुष्कळदा तिच्यावर ठरतं. न निघणाऱ्या डागानं माणसाचं इतकं भलं दुसऱ्या कुठल्या प्रसंगी केलं असेल असं मला वाटत नाही.

असो. कागदाच्या परीक्षेत नापास झालेल्या ठशांकडे वळू. त्यांच्यावरची अडचण बहुतेक डागाची नसून थराची असते. हस्तकलेच्या पुष्कळ शाया जांभळ्या पॅडसारख्या विरघळलेल्या रंगाच्या नसतात, त्यांत रंगाची बारीक भुकटी आणि ती धरून ठेवणारा डिंकासारखा बांधा असतो. ही भुकटी रबरात शिरत नाही, पण नक्षीच्या खाचांमध्ये वाळून पापुद्रा धरते. पानाच्या शिरा भरून जातात आणि छाप उठतो तो नुसता ठिपका. इथे रसायनापेक्षा धीर कामाचा. ठसा उलटा, रबर खाली करून, कोमट साबणपाण्यात भिजवलेल्या जाड फडक्यावर दहा मिनिटं ठेवा. पाण्यात बुडवू नका. रबर आणि लाकूड यांच्यामधला मऊ फोम पाणी पितो, गोंद सुटतो आणि लाकूड फुगतं. मग मऊ टूथब्रश, गोल फिरवत. चिवट कोपऱ्यांसाठी सॅनिटायझर लावलेला कापूस, अर्धा मिनिट, आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसणं. वडिलांच्या शिक्क्यावर मी हेच केलं. कापूस जांभळा झाला, शिक्काही जांभळाच राहिला, पण पत्त्यातला पिनकोड कित्येक वर्षांनी वाचता आला.

खोक्यात पारदर्शक, जेलीसारखे ठसे असतील तर त्यांना अल्कोहोल लावू नका. ते रबर नसतं, वेगळंच बहुवारिक असतं, अल्कोहोलनं ते धुरकट आणि ठिसूळ होऊ शकतं. त्यांना साबणपाणी पुरे. नेलपॉलिश रिमूव्हर तर कुणालाच नको. रबराला तो फारसा छळत नाही, पण गोंद आणि लाकडावरचं पॉलिश खातो.

हळदीचा डाग आई उन्हात टाकून घालवते, मग ठसेही गच्चीत ठेवू का, असं कुणी विचारेल. रंग थोडा उडेल हे खरं. पण रबराच्या साखळीत ठरावीक अंतरानं दुहेरी बंध असतात, आणि ऊन, हवेतला ऑक्सिजन, ओझोन हे तिघं नेमके तिथेच दात रोवतात. जुन्या सायकलच्या टायरला बाजूनं बारीक चिरा पडतात, तशा तुमच्या किटलीला पडतील. कपड्यांचं ब्लीचही याच जातीचं. डाग फिका होईल आणि रबर म्हातारं. धुऊन पुसलेले ठसे कपाटात, अंधारात, रबराची बाजू खाली करून ठेवावेत.

राहिलं मॅपलचं पान. ते फेकू नका. गंधकाच्या पुलांनी जाळं धरून ठेवलेलं आहे, टर्पेंटाइन उडून गेलं की पान बहुतांशी मूळ मापावर येईल. आठवडाभर सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. वास पूर्ण गेला की रबर जोडायच्या साध्या चिकटद्रव्यानं ठोकळ्यावर परत बसवा. एखाद-दुसरी शीर किंचित वाकडी उमटेल. तरीही मुलांच्या वर्गात ते पान चालेल.