सुगी : जालन्याच्या शेतात दसरा ते दिवाळी

जिल्हा : स्थापना 1 मे 1981; तालुके 8. खरिपाची मुख्य पिके सोयाबीन, कपाशी, तूर, मका.

सोयाबीन : साधारण 90 ते 110 दिवसांत काढणीला. सोंगणी लांबली की शेंगा तडकून दाणे रानातच गळतात, म्हणून घाई इथेच सर्वाधिक. सोंगणी बहुधा एकरावर, गुत्त्याने. पाऊस आला तर गंजीवर ताडपत्री. भिजलेल्या दाण्याला बुरशी किंवा कोंब. बियाण्यासाठी राखायचे असल्यास मळणी यंत्राचा वेग कमी, नाहीतर दाणा फुटून उगवण घटते. हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के.

कापूस : एकदम निघत नाही, बोंडे फुटतील तशी 3-4 वेचण्या. मजुरी किलोवर. दव सुकल्यावरच वेचणी. किडका, कवडी कापूस वेगळा ठेवतात. हमीभावासाठी ओलावा 8 टक्के. 12 पर्यंत भावात कपात, त्यापुढे खरेदी नाही.

तूर : सोयाबीन किंवा कपाशीतले आंतरपीक. या दिवसांत अजून हिरवी, काढणी डिसेंबर-जानेवारीत.

त्याच वेळी : रिकाम्या रानात पाळी घालून रब्बी ज्वारी, हरभऱ्याची पेरणी. एकाच घरातली माणसे काढणी आणि पेरणी, दोन्हीकडे.