सांडपाण्यावर हजारो कोटींचा धंदा कसा चालतो? समजून घ्या ‘वाबाग’ कंपनीकडून

सकाळी अंघोळ केली, भांडी घासली, फ्लश ओढला. पाणी गेलं. कुठे गेलं, याचा विचार आपण फारसा करत नाही. पण याच पाण्यावर काही कंपन्या वर्षाला हजारो कोटींची उलाढाल करतात.

भारतात या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे चेन्नईची ‘व्हीए टेक वाबाग’. ही कंपनी पैसे कसे कमावते, हे समजलं तर आपल्या शहरातल्या नदी-नाल्यांची अवस्था अशी का आहे, याचंही उत्तर मिळतं.

कंपनी नेमकी कोणाची?

वाबागची सुरुवात १९२४ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊ शहरात झाली. भारतात ती १९९० च्या दशकात आली. पुढे मूळ कंपनी सीमेन्सच्या ताब्यात गेली. त्याच सुमारास, २००५ मध्ये, राजीव मित्तल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातली शाखाच विकत घेतली. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनी व्हिएन्नातली मूळ कंपनीही सीमेन्सकडून घेतली. म्हणजे मुलीनेच आईला दत्तक घेतलं म्हणा ना! २०१० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

कंपनी काय काम करते?

मुख्यतः तीन प्रकारची कामं: नदी-धरणाचं पाणी पिण्यायोग्य करणं, सांडपाणी शुद्ध करणं आणि समुद्राचं पाणी गोडं करणं.

चेन्नईजवळ नेम्मेली इथे वाबागने समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला. २०१३ पासून तो रोज १०० एमएलडी, म्हणजे १० कोटी लिटर पाणी देण्याच्या क्षमतेने उभा आहे. आता तिथून जवळच पेरूर इथे ४०० एमएलडीचा प्रकल्प होतोय. मेटिटो कंपनीसोबत वाबागला २०२३ मध्ये मिळालेलं हे काम सुमारे ४,४०० कोटी रुपयांचं आहे.

चेन्नईतच कोयंबेडूला वाबागने सांडपाणी इतकं शुद्ध करणारा प्रकल्प बांधला, की ते श्रीपेरुंबुदूर, ओरगडम भागातल्या कारखान्यांना पुरवता येतं. कारखाने सांडपाणी वापरतात, तेवढं धरणाचं पाणी लोकांसाठी वाचतं. आफ्रिकेत नामिबियाची राजधानी विंडहुक तर १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्यासाठी वापरते. तिथला आताचा प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीत वाबागही भागीदार आहे.

मग पैसा येतो कुठून?

दोन वाटांनी.

पहिली वाट बांधकामाची. महापालिका किंवा सरकारी मंडळ निविदा काढतं. कंपनी आराखडा करते, यंत्रं आणते, प्रकल्प उभा करून देते. कामाच्या टप्प्यांप्रमाणे बिलं निघतात. रक्कम मोठी, पण एकदाच मिळणारी.

दुसरी वाट प्रकल्प चालवण्याची. पंप, वीज, रसायनं, माणसं, दुरुस्ती हे सगळं कंपनी बघते आणि त्याचे वर्षानुवर्षं पैसे घेते. रक्कम तुलनेने लहान, पण नियमित. पेरूरच्या कंत्राटात तर २० वर्षं प्रकल्प चालवणंही धरलेलं आहे.

२०२४-२५ या वर्षात वाबागची उलाढाल सुमारे ३,३०० कोटी रुपये होती. हातात असलेली कामं मात्र १३ हजार कोटींच्या वर.

म्हणजे पुढची चार वर्षं निश्चिंत?

तसं नाही. हातातली ऑर्डर म्हणजे खिशातला पैसा नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये वाबागला सौदी अरेबियात ३०० एमएलडीच्या प्रकल्पाचं सुमारे २,७०० कोटींचं काम मिळालं. डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारी संस्थेने ती निविदाच रद्द केली आणि शेअर जोरात आपटला.

दुसरी अडचण उधारीची. या धंद्यात बहुतेक गिऱ्हाइकं सरकारी. काम झालं तरी बिल निघायला वेळ लागतो. तोवर कामगारांचा पगार आणि बँकेचं व्याज थांबत नाही.

यात आपला काय संबंध?

इथेच खरा मुद्दा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होत होतं. बांधलेल्या प्रकल्पांची क्षमता ३१,८४१ एमएलडी. प्रत्यक्षात शुद्ध होत होतं फक्त २०,२३६ एमएलडी.

म्हणजे १०० बादल्यांपैकी ४४ बादल्यांची सोय केली आणि २८ बादल्याच साफ झाल्या. प्रकल्प कमी आहेत हे खरंच. पण जे बांधले, तेही पूर्ण चालत नाहीत. कुठे सांडपाण्याची वाहिनीच प्रकल्पापर्यंत पोहोचलेली नसते, कुठे वीजबिल परवडत नाही.

बांधून मोकळं होणाऱ्या कंत्राटदाराला याचं सोयरसुतक नसतं. म्हणून गंगेच्या स्वच्छतेसाठी सरकारने वेगळी पद्धत आणली. बांधकामाचा ४० टक्के खर्च बांधताना द्यायचा, उरलेला ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने, तोही प्रकल्प नीट चालला तर. पाटण्यातले दिघा आणि कंकडबाग हे प्रकल्प वाबागला याच पद्धतीने मिळाले.

मुंबईत काय चाललंय?

मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, धारावी, घाटकोपर, भांडुप आणि वर्सोवा इथे एकूण २,४६४ एमएलडीची सात मलजल प्रक्रिया केंद्रं वेगवेगळ्या कंपन्या बांधतायत. बांधल्यानंतर १५ वर्षं चालवण्याची जबाबदारीही त्यांच्याच कंत्राटात आहे. नागपुरात तर शुद्ध केलेलं सांडपाणी वीजनिर्मिती केंद्रांना दिलं जातं. महापालिकेला त्यातून उत्पन्नही मिळतं.

त्यामुळे तुमच्या शहरात अशा प्रकल्पाचं उद्घाटन झालं, की फक्त ‘किती कोटींचा?’ असं विचारू नका. ‘पुढची १५ वर्षं तो कोण चालवणार आणि बंद पडला तर पैसे कोणाचे कापले जाणार?’ हे विचारा. फीत एकदाच कापली जाते, सांडपाणी मात्र रोज येतं.